मेलेल्या कानाची परीक्षा

केरिन हॅड्रिक तिसऱ्या वर्षाच्या प्रात्यक्षिकात नापास झाली ती एका सावलीपायी.

कानाच्या तपासणीत ही सावली भल्याभल्यांना फसवते. समजा, एखाद्याचा उजवा कान ठार गेलाय. तुम्ही त्या कानाला बारीक सूर ऐकवता आणि माणूस खुशाल बटण दाबतो, ऐकू आलं म्हणून. तो काही खोटं बोलत नसतो. सूर कवटीच्या हाडातून पलीकडे झिरपतो आणि डावा, चांगला कान तो ऐकतो. आपण बंद घराची कडी वाजवावी आणि शेजारीण दार उघडून 'कोण हवंय?' म्हणून विचारावं, तशातली गत. म्हणून कान तपासणाऱ्यांत नियम असा, की चांगल्या कानात फस्स असा आवाज भरून ठेवायचा, त्याला गुंतवून टाकायचं, आणि मगच दुसऱ्याला विचारायचं, की बाबा रे, तुला स्वतःला काही ऐकू येतंय का? परीक्षेच्या घाईत केरिन तो आवाज भरायलाच विसरली आणि ठार बहिऱ्या कानाला तिने चांगला ठरवून टाकलं.

व्हूला ताकिस, म्हणजे त्यांना हा विषय शिकवणारी बाई, तोंडाची फटकळ. सगळ्या वर्गासमोर म्हणाली, "शाबास. मेलेल्या माणसाची हजेरी लावलीस." पोरं फिदीफिदी हसली. केरिनचे कान लाल झाले.

मग बाईने तिला समोर बसवून नियम पुन्हा घोटून घेतला. बटण दाबलं गेलं की मशीनवर दिवा लागतो. दिवा लागला की चांगल्या कानातला आवाज एक पायरी वर. पुन्हा लागला, पुन्हा एक पायरी वर. तीन पायऱ्या चढूनही उत्तर तेच आलं तर ती सावली नव्हे, ते त्याच कानाचं खरं उत्तर. केरिनने तो नियम असा पाठ केला, की चहात साखर ढवळतानाही तिचा अंगठा आणि बोट बटण फिरवल्यासारखे हलायला लागले. फेरपरीक्षा महिन्यावर होती. सरावाला एक कान गेलेला माणूस हवा होता, आणि तो शोधायला तिला लांब जायची गरज नव्हती. तसा माणूस तिच्या घरातच होता.

क्लेम हॅड्रिक, तिचा बाप, होबार्टच्या दक्षिणेला, डोव्हरच्याही पुढे डांबरी रस्ता संपतो तिथे राहायचा. जन्म गेला अबलोनी काढण्यात. थंडगार पाण्यात बुडी मारायची, लोखंडी पट्टीने खडकावरचे ते मोठाले शिंपले उचकटायचे, जाळी भरायची. बोटीवर हवेचं इंजिन धडधडत असतं, त्यातून लांबलचक नळी पाणबुड्याच्या तोंडापर्यंत जाते, आणि एक माणूस वर डेकवर बसून त्या इंजिनावर आणि नळीवर डोळा ठेवतो. त्या किनाऱ्यावर बाकी कशात एकमत नसेल, पण एका गोष्टीत आहे. खाली माणूस असेपर्यंत डेकवरचा माणूस डेक सोडत नाही. बोटीला आग लागली तरी सोडत नाही.

केरिनचा थोरला भाऊ रोरी गेला त्या दिवशी तो खाली होता आणि क्लेम डेकवर. नळी अचानक हलकी झाली. क्लेमने ओढली तर टोक मोकळंच वर आलं. अशा वेळी वायरलेसवर हाक द्यायची आणि वाट बघायची, हे त्याने स्वतः किती पोरांना शिकवलं होतं. पण पोटचा पोर खाली असताना कसली अक्कल चालतेय? त्याने मास्क चढवला आणि कानातला दाब न सोडता सरळ खोल उडी घेतली. उजवा कान आतल्या आत फुटला. खाली नुसतं हलणारं शेवाळ, त्याच्या उंचीचं. रोरी सापडला नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

कान गेल्याचं क्लेमला कधीच काही वाटलं नाही. त्याला खात होतं ते वेगळंच. आपण खाली शोधत असताना पोरगा दुसऱ्या बाजूने वर आला असेल, बोटीला हात लावला असेल, आणि डेकवर कुणी नव्हतं. हे तो कुणाजवळ बोलायचा नाही. केरिनजवळ एकदाच बोलला, बिअर जास्त झाली तेव्हा, आणि दुसऱ्या दिवशी तिच्याकडे बघायलाही लाजला.

उरला डावा कान. तोही आयुष्यभर इंजिनाशेजारी बसून निम्मा झिजलेला. डॉक्टरने बजावलं होतं, की मोठ्या आवाजापासून जपा, हाही गेला तर परत मिळायचा नाही. केरिन या शिक्षणाला गेली ती खरं तर त्या डाव्या कानासाठी. आई कधीच दुसरा संसार मांडून क्वीन्सलंडला गेलेली. रोरी गेला. तिची बडबड ऐकणारं घरात एवढंच एक दार उरलं होतं. तिने बापाची लाकूड कापायची इंजिनाची करवत लपवून ठेवली, रेडिओच्या बटणावर चिकटपट्टी लावली. क्लेम शेजाऱ्यांना सांगायचा, "माझ्या कानाला पोलीस पहारा आहे."

तर एका शनिवारी दुपारी तो आपली जुनी गाडी घेऊन होबार्टला आला. कॉलेजचं क्लिनिक शनिवारी बंद असे, पण तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या वर्षाच्या पोरांना सरावासाठी चावी मिळे. वाटेत त्याने शिंपल्यांचे पॅटिस घेतले होते, कागदातून तूप गळत होतं. दोघांनी ते उभ्या उभ्या खाल्ले. मग केरिनने त्याला बूथमध्ये बसवलं, कानांवर हेडफोन चढवला, जाड दार लावलं आणि काचेच्या या बाजूला मशीनपाशी येऊन बसली.

बूथ म्हणजे भिंतींनी आवाज पिऊन टाकलेली खोली. आत बसलं की स्वतःचं रक्त फिरताना ऐकू येतं. पुष्कळ लोक तिथे अस्वस्थ होतात. क्लेम मात्र डाव्या कानात फस्स आवाज सुरू झाला तसा खुर्चीत सैलावला. इंजिनाशेजारी बसायचा तसाच बसला, पाय पसरून, हातात ते बटण धरून.

केरिनने उजव्या कानाला सूर द्यायला सुरुवात केली. एक दिला, दिवा लागला नाही. वाढवून दिला, नाही लागला. ठीकच होतं, कान मेलेलाच होता. पुढचा सूर द्यायच्या आधी ती थोडी थांबली, आणि दिवा लागला. लागला, विझला, लागला, विझला, लागला, विझला. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा तीनदा.

ती काहीच वाजवत नव्हती. तिने मशीनकडे बघितलं, बटणं तपासली. सूर बंद होता. तिला वाटलं, म्हातारा गंमत करतोय. पण क्लेमचे डोळे मिटलेले होते आणि तो मान उजवीकडे कलती करून ऐकत होता. असा ऐकताना तिने त्याला वर्षानुवर्षं बघितलं नव्हतं. नियमाप्रमाणे तिने डाव्या कानातला आवाज एक पायरी वाढवला. सावली असेल तर आता जाईल. दिवा तीनदा लागला. आणखी एक पायरी. तीनदा लागला. तिसऱ्या पायरीलाही तो तीनदा लागला आणि तिने सगळंच बंद केलं.

दार उघडून आत गेली तर क्लेम म्हणाला, "बंद कशाला केलंस?"

"तुला काय ऐकू आलं, बाबा?"

"कुणीतरी ठोकतंय. लोखंडाने, खडकावर. तीनदा ठोकतंय नि थांबतंय." मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "वर येतोय म्हणून सांगतोय."

ती पाणबुड्यांची खूण. केरिनला लहानपणापासून ठाऊक होती.

सोमवारी तिने व्हूलाला गाठलं. सगळं नाही सांगितलं, पण पुरेसं सांगितलं. बाई फटकळ असली तरी मनाची कोरडी नव्हती. तिने केरिनला खुर्ची दिली आणि समजावलं, की नस मेली म्हणून मेंदू काही हातावर हात ठेवून बसत नाही. येणारं काही येईना झालं की तो जुनं उगाळत बसतो. कुणाला घंटा ऐकू येतात, कुणाला देवळातलं गाणं. कान वाजतात, दुसरं काही नाही. ज्या दिवशी कान गेला त्याच दिवशी मुलगा गेला, तर त्या कानात दुसरं काय वाजणार? केरिनला ते पटलं. पटायलाच हवं होतं, परीक्षेत तिने स्वतः तेच उत्तर लिहिलं असतं.

"पण त्यांचा तो डावा कान सांभाळ," बाई म्हणाली. "मशीनवर लाल खूण आहे, दिसते ना? ती ओलांडलीस तर आत्ताच सांगते, या इमारतीत पाय ठेवू देणार नाही. एकच कान आहे त्यांना."

फेरपरीक्षेला केरिनने बापालाच बसवलं. व्हूला पाठीशी उभी. केरिनने चांगल्या कानात आवाज भरला, पायरी पायरीने चढवला, उजव्या कानाला एकामागून एक सूर दिले. दिवा एकदाही लागला नाही. कान स्वच्छ मेलेला, सावली नाही, काही नाही. व्हूलाने पाठीवर थाप मारली. केरिन पास झाली, आणि तिला इतकं हलकं वाटलं की बाहेर येऊन तिने बापाला मिठीच मारली. सुटलो एकदाचे, असं तिला वाटलं.

गाडीत बसल्यावर क्लेम म्हणाला, "तुझी बाई हुशार आहे हं. पण परक्या बाईसमोर मी नाही दाबलं."

केरिनने गाडी बाजूला घेतली. "म्हणजे आजही येत होतं ऐकू?"

"येत होतं की. जवळ आलाय."

इथेच खरं तर थांबायला हवं होतं. पास झाली होती, सराव संपला होता, चावी परत करायची होती. पण सांगणं सोपं असतं. केरिनलाही भाऊ होता. तिला पोहायला शिकवणारा, तिच्या डब्यात जिवंत खेकडा ठेवणारा, तिच्या पहिल्या मित्राला धक्क्यावरून पाण्यात ढकलणारा. त्याला पुरायला काहीच मिळालं नव्हतं. पुढच्या शनिवारी क्लेम आला तेव्हा तिने काही न बोलता बूथचं दार उघडलं. त्याच्या पुढच्या शनिवारीही उघडलं.

आता सूर द्यायचं नाटकही उरलं नव्हतं. ती नुसता डाव्या कानात फस्स आवाज भरायची, आणि क्लेम डोळे मिटून बसायचा. दिवा तीनदा लागायचा. आवाज वाढवला की ठोकणं जवळ यायचं, असं तो सांगे. वर येणारा पाणबुड्या एकदम वर येत नाही, रक्तातली हवा निघून जाईपर्यंत मध्येमध्ये थांबतो. तसाच हा थांबत थांबत येत होता. थांबला की क्लेमही थांबे, श्वाससुद्धा हळू घेई. एकदा त्याने खुर्चीच्या हातावर बोटाने दोनदा ठोकलं, म्हणजे डेकवर माणूस आहे, ये. केरिनने लगेच दिव्याकडे बघितलं. दिवा लागला नाही, पण क्लेमचा चेहरा उजळला होता. तिला त्याचा हेवा वाटला. तिने मशीनला जोडलेला दुसरा हेडफोन आपल्या कानाला लावून बघितला. नुसतं फस्स. तिचे दोन्ही कान धडधाकट होते आणि त्यांना काही मिळत नव्हतं.

दिवा खरंच ठोक्यांनी लागत होता की बाप आपल्याच मनाने दाबत होता, हे तिला ठरवता येईना. शिकलेल्या डोक्याला वाटे, कान वाजतायत. बाकीच्या अंगाला वाटत नव्हतं.

मात्र एक गोष्ट ठरवायची गरजच नव्हती, ती उघड दिसत होती. जेवताना क्लेम "काय म्हणालीस?" विचारायला लागला. आधी एखाददा, मग दर वाक्याला. पाठीमागून हाक मारली तर वळेना. केरिनने त्याचा डावा कान तपासला. कान महिन्याभरापूर्वीपेक्षा पुष्कळ खाली गेला होता. लाल खूण तिने कधी ओलांडली नव्हती, पण खुणेच्या काठावर तासन् तास बसवलं होतं. धडधाकट कानाला ते चाललं असतं. या कानाला नाही.

तिने डोव्हरच्या घरी जाऊन बापाला स्वयंपाकघरात समोरासमोर बसवलं, ओठ दिसतील असं, आणि सांगून टाकलं, की बस्स, आता नाही. कान चाललाय. मी तुला ऐकू यायला हवी. क्लेम भांडला नाही. त्याने मटणाच्या चॉप्सची थाळी तशीच बाजूला सरकवली आणि दुसऱ्या दिवशीही जेवला नाही. तिसऱ्या दिवशी ती मागच्या दारी गेली तर तो पायरीवर समुद्राकडे तोंड करून बसला होता, थंडी वाऱ्याचा, अंगात नुसता बनियन.

"बाबा, आत चल."

"एकदा सोडला मी डेक," तो म्हणाला. "दुसऱ्यांदा सोडायला लावू नकोस, केरी. तो अगदी वर आलाय. आता फक्त हात द्यायचाय."

"आणि मग तुला काहीच ऐकू आलं नाही तर?"

"तू आहेस ना. तू लिहून सांगशील."

ती रडली. मग हो म्हणाली. एकदाच, आणि लाल खुणेच्या खाली, असं तिने स्वतःला बजावलं.

शनिवारी दुपारी बाहेर लख्ख ऊन होतं, रस्त्यावर पोरं क्रिकेट खेळत होती. बूथमध्ये त्यातलं काही पोचत नव्हतं. केरिनने आवाज खुणेपर्यंत आणला. दिवा तीनदा लागला. क्लेम खुर्चीत पुढे सरकला, त्याने बटण खाली, जमिनीवर ठेवलं आणि दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून पायांपुढच्या जमिनीकडे बघत राहिला. बोटीच्या कडेवरून पाण्यात बघतात तसा.

दिवा लागला.

केरिनने काचेतून बघितलं. बटण गालिच्यावर पडलेलं होतं, त्याच्या बुटापासून हातभर लांब. क्लेमचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते. दिवा विझला, लागला, विझला, लागला.

भीती वाटली का? वाटली. पण त्या भीतीच्या वर काहीतरी दुसरंच उसळून आलं, आणि ते म्हणजे नुसता आनंद. म्हणजे बाप दाबत नव्हता. म्हणजे कान वाजत नव्हते. म्हणजे खरंच कुणीतरी होतं. आणि तिच्या हाताला जे वळण लागलं होतं ते लागलं होतं. दिवा लागला की एक पायरी वर. तिच्या बोटांनी बटण फिरवलं. लाल खूण मागे पडली. दिवा तीनदा लागला. आणखी एक पायरी. जाड काचेतून, बंद दारातून तो फस्स आवाज आता तिलाही ऐकू यायला लागला. दिवा लागला. तिसरी पायरी. तीन पायऱ्या चढूनही उत्तर तेच. हे त्याच कानाचं खरं उत्तर.

आत क्लेम उठून उभा राहिला. त्याने एक पाय पुढे रोवला, वाकला, उजवा हात खाली घातला, आणि काहीतरी धरलं. त्याच्या खांद्याची हाडं सदऱ्यातून वर आली. मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. रिकाम्या हाताने माणूस असं ओढू शकत नाही, कितीही नाटक केलं तरी. त्याचा रोवलेला पाय गालिचासकट पुढे घसरला, बरोबरची खुर्ची कलंडली. मग एका झटक्यात तो मागे आला, भिंतीला टेकला आणि धापा टाकत हसायला लागला. दिवा विझला तो विझला.

केरिन दार उघडून आत धावली. तिने मशीनचा आवाज बंद केला होता की नाही, हे तिला आठवत नव्हतं. आत खाऱ्या पाण्याचा आणि कुजक्या शेवाळाचा वास भरला होता. खिडकी नसलेली ती खोली, समुद्र कुठल्या कुठे.

"बाबा," ती म्हणाली. "बाबा, काय झालं? आला का तो?"

क्लेमने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती त्याच्या डाव्या कानाशीच उभी होती. तिने मोठ्याने हाक मारली, मग ओरडून मारली. त्याने सावकाश कानांवरचा हेडफोन काढला आणि मान उजवीकडे कलती केली, कुणीतरी काही सांगत असल्यासारखी.

पुढचं व्हायचं तसं झालं. व्हूलाने स्वतः त्याचे दोन्ही कान तपासले. उजवा मेलेला होताच, आता डावाही मेला. बाई केरिनला एक शब्द टाकून बोलली नाही, आणि त्याचंच केरिनला जास्त लागलं. चावी तिने आपणहून टेबलावर ठेवली. कॉलेजात पुन्हा गेली नाही. डोव्हरच्या घरी येऊन राहिली, मासळीच्या कारखान्यात काम धरलं, संध्याकाळी बापासाठी रांधायला लागली.

क्लेमला काही दुःख झालेलं दिसेना. तो वेळेवर जेवत होता, दाढी करत होता. स्वयंपाकघरात बसल्या बसल्या उजव्या बाजूला वळून हळू आवाजात बोले, मध्येच हसे, मध्येच गप्प राहून कितीतरी वेळ ऐकत राही. त्याच्या उजवीकडची फरशी सारखी ओली असायची. केरिन पुसून काढायची. ती डावीकडे उभी राहून बोलत राहायची, दिवसभरात काय झालं ते, कारखान्यातल्या बायका काय म्हणाल्या ते, सवयीने. ऐकायला कुणी नव्हतं. आपल्या हाताने तिने ते एक दार बंद केलं होतं. पण रोरी आला ना घरी, असं ती मनाला सांगे. बापाला पोरगा मिळाला. मला नाही दिसत, नाही ऐकू येत, तरी घरात तो आहे. एवढ्यावर ती दिवस ढकलत होती.

एके दिवशी जेवण झाल्यावर तिला राहवलं नाही. तिने मोबाइलवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'रोरीला विचार ना, माझी आठवण येते का त्याला?' आणि बापापुढे धरलं.

क्लेमने चष्मा लावून वाचलं. दोनदा वाचलं. मग त्याचा चेहरा असा झाला, की या पोरीला एवढंही कळलं नाही का.

"रोरी?" तो म्हणाला. कान गेल्यापासून त्याचा आवाज जरा जास्तच मोठा झाला होता. "हा रोरी नाही गं. हा दुसरा कुणीतरी आहे, फार जुना. नाव नाही सांगत. पाण्यात माणूस होता, हात दिला मी. सोडून कसा देणार?"

तिने कसंबसं लिहिलं, 'मग रोरी?'

क्लेम उजवीकडे वळला. भुवया उंचावून त्याने नजरेनेच विचारलं आणि उत्तर ऐकलं. ऐकताना मान डोलावली.

"खालीच आहे अजून. ठोकतोय म्हणे. याच्या मागेच होता, पण तू आवाज बंद केलास." तो रागावला नव्हता. समजूत घातल्यासारखा बोलत होता. "पुन्हा लावायला हवा. पण मला आता काय उपयोग त्याचा, गुंतवून ठेवायला चांगला कान लागतो. एक मेलेला लागतो नि एक चांगला."

त्याने हात पुढे करून तिच्या कपाळावरचे केस बाजूला सारले, लहानपणी सारायचा तसे, आणि बोटाने तिच्या एका कानाची पाळी धरली, मग दुसऱ्या.

"केरी," तो म्हणाला, "तुझे दोन्ही चांगले आहेत ना अजून?"

बापाला बोललेलं उत्तर ऐकू जाण्यासारखं नव्हतं, म्हणून केरिनने नुसती मान डोलावली. होय.